पिस्तुलातलं कुंकू

स्लाइड मागे जात नव्हती. वसंतरावांनी अंगठ्याने जोर लावून पाहिला होता, त्यांच्या मुलाने, मनीषने, पाहिला होता. लायसनच्या रिन्युअलसाठी ठाण्यात तपासणीला नेलं, तेव्हा तिथल्या शिपायानेही आपली ताकद आजमावून घेतली होती. एवढं सगळं झाल्यावर ते पिस्तूल माझ्या काउंटरवर आलं. माणसं बंदुकीच्या दुकानात नेहमी सगळ्यात शेवटी येतात.

"साहेब म्हणे, दुरुस्त करून आणा, नाईतर जमा करा," वसंतराव म्हणाले. "पाहा बरं ताई, काय झालं थे."

स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग. तो मागे ओढला की आतली जागा उघडते आणि गोळी आहे की नाही ते दिसतं. इथे तो हलतच नव्हता, म्हणजे आत काय आहे ते दिसत नव्हतं. वसंतराव शपथेवर सांगत होते की रिकामं आहे. असेल. पण आमच्या धंद्यात रिकामं पिस्तूल नसतं. एक तर उघडून पाहिलेलं असतं, नाहीतर भरलेलं असतं. मी मॅगझीन काढलं, नळीचं तोंड मागच्या वाळूच्या पेटीकडे केलं, खाचेत तेल सोडलं आणि वाट पाहिली. मग हळूहळू मागे-पुढे, मागे-पुढे. शेवटी स्लाइड कुरकुरत मागे आली आणि काउंटरवरच्या पांढऱ्या कापडावर लाल भुगा पडला. त्यात तांदळाचा एक दाणा होता.

मला आधी गंज वाटला. पण गंजाला तुपाचा वास येत नाही.

"भाऊ, हे काय?"

वसंतराव वाकले. कापडाकडे बघत राहिले.

"थे मनीषच्या मायचं आहे," ते म्हणाले.

इथे थोडं थांबून ओळख करून देते. मी पांढुर्ण्यात बंदुकीचं दुकान चालवते. दुकान माझ्या वडिलांचं, डीलरचं लायसन आता माझ्या नावावर. अजूनही नवीन गिऱ्हाईक आत येऊन आधी विचारतं, "शेठ कुठे गेले?" मी म्हणते, "समोर बसलेत." बाहेरगावच्या लोकांना, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन बाजूंनी दगडफेक चालते त्या गोटमारीच्या गावात, असं दुकान चालतं याचं नवल वाटतं. मी त्यांना सांगते, दगडाला लायसन लागत नाही, म्हणून धंदा बेताचाच आहे.

वसंतराव सौसरकडचे, बोरगावचे. संत्र्याचे व्यापारी. शेतकऱ्यांचे बगीचे झाडावरच्या फळासकट घ्यायचे आणि माल बाहेर पाठवायचा हे त्यांचं काम. पूर्वी हा सगळा व्यवहार रोखीचा होता. एकदा संध्याकाळी परत येताना रस्त्यात दोघांनी गाडी अडवून त्यांना मारलं आणि पिशवी नेली. डोक्याला टाके पडले. तेव्हा त्यांच्या बायकोने, कुसुमताईंनी, हट्ट धरला की पिस्तुलाचं लायसन काढा. नवऱ्याला दुकानात घेऊनही त्याच आल्या होत्या. मला त्या चांगल्या आठवतात. कंबरेला लावता येईल असं लहान, सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअर त्यांनी काचेतून बोट दाखवून निवडलं. मोठं बघवत नाही म्हणाल्या.

पिस्तूल घरात आलं आणि मग त्यांना पिस्तुलाचीच भीती वाटायला लागली. नवरा आधी मार खाऊन आला होता. आता तो कुणाला तरी मारून येईल, ही नवी काळजी. यावर त्यांनी आपल्या परीने इलाज काढला. दसऱ्याला शस्त्रपूजा आपल्याकडे सगळेच करतात. विळा, कुऱ्हाड, पंप, ट्रॅक्टर, सगळ्यांना कुंकू लागतं. पण नुसतं कुंकू लोखंडावर टिकत नाही. म्हणून कुसुमताई ते तुपात कालवायच्या आणि पिस्तुलाला चांगलं लेपून लावायच्या. नेम धरायच्या मागच्या निशाणीच्या खाचेत, स्लाइड ओढायला दोन्ही बाजूंना असतात त्या दात्यांवर. वर अक्षता. आणि हात जोडून पिस्तुलाशी बोलायच्या.

"काय बोलायच्या?" मी विचारलं.

"संगं राहा, पण चालू नको," वसंतराव म्हणाले. "दर दसऱ्याले. देवाले नाई सांगे, त्यालेच सांगे. मी हासो तं म्हणे, तुमी चूप बसा, आमचं बोलणं चालू आहे."

"आणि चाललं का कधी?"

"एकदाबी नाई. गरजच नाई पडली. आता तं सारा पैसा फोनवरच येते. पण तिनं सांगून ठेवलं होतं, घराबाहेर पाय टाकला का हे कंबरेले पाहिजे. म्हणून लावो."

पिस्तुलासोबत कारखाना एक पुस्तिका देतो. पुसा, तेल द्या, कोरडं ठेवा असं त्यात लिहिलेलं असतं. वसंतराव पिस्तूल कधी पुसायचे नाहीत. पुसलं की कुंकू जायचं आणि बायको रागवायची. दर दसऱ्याला जुन्यावर नवा थर. तूप आधी पातळ होतं, मग चिकट होतं, मग त्याचा डिंक होतो. तो खाली उतरून स्लाइडच्या खाचेत बसला आणि स्लाइड जाम झाली. चालू नको म्हणून बाईने प्रार्थना केली आणि त्याच प्रार्थनेच्या तुपाने पिस्तूल बंद पाडलं. मी वडिलांच्या काळापासून शस्त्रं बघतेय. पिस्तुलाने कुणाचं इतकं ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं.

कुसुमताई आदल्या पोळ्याच्या सुमारास गेल्या. वर्षाच्या आत म्हणून त्या साली घरात दसरा झाला नाही. म्हणजे कापडावर पडलं ते त्याच्याही आदल्या दसऱ्याचं, त्यांच्या हातचं शेवटचं.

एवढंच असतं तर मी तिथेच साफ करून दिलं असतं. पण भिंगातून पाहिलं तर स्लाइडच्या उजव्या बाजूला, जिथून रिकामं काडतूस बाहेर उडतं त्या खिडकीच्या कोपऱ्याला, केसाएवढी चीर होती. बहुतेक कुणीतरी जाम स्लाइडला कशाने तरी ठोकलं होतं. वसंतरावांनी मुलाचं नाव सांगितलं, मुलाने नंतर फोनवर शिपायाचं सांगितलं. ते असो. चीर गेलेली स्लाइड दुकानात बदलता येत नाही. तिच्यावर नंबर असतो. तिला आगगाडीने कारखान्यातच न्यावं लागतं.

वसंतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "चीर दुरुस्त करून द्या. कुंकू तेवढं राहू द्या."

"भाऊ, तो कारखाना आहे, शिंपी नाही. फॉल लावा पण काठाला हात लावू नका, असं तिथे सांगता येत नाही."

"विचारून तं पाहू."

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते सांगते. मला हेवा वाटला. माझे यजमान धडधाकट आहेत, देवाच्या दयेने डाळीत मीठ कमी पडलं की लगेच ओळखतात. पण मी गेल्यावर माझ्या बोटाचा एखादा डाग वाचवायला ते आगगाडीत बसतील का, हे मला त्या दिवशी सांगता आलं नसतं. घरी जाऊन विचारलंही. ते म्हणाले, "आधी जेवायला वाढ."

दुरुस्तीचं पिस्तूल साध्या कुरियरने पाठवता येत नाही. आधी कारखान्याला पत्र, मग त्यांचं उत्तर, मग जिल्हा कार्यालयाची वाहतुकीची परवानगी. पूर्वी त्यासाठी छिंदवाड्याला चकरा मारून चपला झिजायच्या. आता पांढुर्णाच जिल्हा झाल्यापासून ते ऑफिस गावात आलंय. त्यामुळे चपला गावातच झिजतात. परवानगी आली तेव्हा हिवाळा सरत होता, मृगबहराचा संत्रा तोडणीला आला होता. वसंतराव धंदा मुलावर सोडून माझ्यासोबत निघाले. कुलूपबंद पेटीत पिस्तूल, गोळ्या घरी, आणि सीटखाली कारखान्याच्या साहेबांसाठी संत्र्याची छोटी पेटी. गाडीत त्यांनी पिस्तुलाची पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

कारखान्यात दुरुस्ती विभागाला त्रिपाठी नावाचे साहेब होते. आमचं बोलणं हिंदीत झालं, मी इथे आपल्या भाषेत सांगते. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, फिरवून पाहिलं, वास घेतला.

"तूप?"

"तूप," मी म्हटलं.

"आमच्याकडे विश्वकर्मा पूजेला लावतात. पण मशीनला बाहेरून लावतात हो." मग त्यांनी चीर पाहिली आणि त्यांचा आवाज ऑफिसचा झाला. "स्लाइड नवीन बसेल. जुनी परत मिळणार नाही. नंबरचा भाग आहे, कापून भंगारात जाईल. आणि वर्कशॉपमध्ये जाण्याआधी अख्खं पिस्तूल केमिकलच्या टाकीत धुतलं जातं. काहीही उरणार नाही."

वसंतरावांना हिंदी समजतं, तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खरं होतं ते.

त्रिपाठी साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी एक छोटी प्लास्टिकची पिशवी आणि लाकडी काडी काढून पुढे ठेवली. म्हणाले, आत जाण्याआधी इथेच खरवडून घ्या, मी पाहिलं नाही असं समजतो. मला वाटलं, सुटलो. मी काडी उचलली.

"नका काढू ताई," वसंतराव म्हणाले. "काढलं का थे नुसतं कुंकू होते. कुंकू तं घरी डबाभर आहे. हे तिनं लावेल आहे."

मी काडी खाली ठेवली.

त्यांनी वेळ मागून घेतला. आम्ही फाटकाबाहेर निंबाखाली बसलो. मी डबा उघडला, त्यांनी अर्धी पोळी खाल्ली. त्यांच्यापुढे दोनच रस्ते होते. पिस्तूल तसंच परत न्यायचं, तर कुंकू राहणार पण पिस्तूल जमा होणार, कारण नादुरुस्त शस्त्र घरी ठेवू देणार नाही असं ठाण्याने बजावलं होतं. दुरुस्त करायचं, तर पिस्तूल कंबरेला राहणार पण कुंकू टाकीत जाणार.

शेवटी ते म्हणाले, "जमा केलं तं संगं कुठं राहते थे? तिनं संगं राहा म्हटलं. संगं राहायचं असन तं दुरुस्त व्हाच लागन."

आत जाऊन त्यांनी सही केली. ट्रे आला. पिस्तूल ठेवण्याआधी त्यांनी मागच्या निशाणीच्या खाचेवर बोट टेकवलं. घासलं नाही, नुसतं टेकवलं, कुणाची झोप मोडू नये तसं. मग ट्रे आत गेला. संत्र्याची पेटी साहेबांनी नियमावर बोट ठेवून नाकारली आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यांनी कुठलाही नियम न सांगता घेतली.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "आता धुतलं असन का हो?" मी म्हटलं, इतक्या लवकर नाही, नंबर लागतो. पुढच्या स्टेशनवर पुन्हा तेच विचारलं. त्याच्या पुढच्यावर मी म्हटलं, "हो भाऊ, आता धुतलं असेल." मग ते डोळे मिटून बसले. गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मीही माझं पुसायची घाई केली नाही. समोरच्या बाकावरच्या बाईने कुणाचं गेलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, यांची बायको. कधी, असं तिने विचारलं, तेव्हा वसंतराव डोळे न उघडता म्हणाले, "आत्ताच."

उन्हाळा संपता संपता कारखान्याचं पत्र आलं. पिस्तूल तयार आहे, परवानाधारकाने डीलरसोबत येऊन घेऊन जावं. आम्ही पुन्हा गेलो.

काम उत्तम झालं होतं, खोटं कशाला बोलू. नवीन स्लाइड काळीभोर, बोटाने ओढली की लोण्यासारखी मागे यायची. त्रिपाठी साहेबांनी मोठ्या अभिमानाने दाखवली. वसंतरावांनी पिस्तूल हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"छान केलं," ते म्हणाले. आणि मला हळूच, "वळखू नाई येऊन राहिलं."

"येईल. कंबरेला लावलं की येईल."

"चला," त्रिपाठी साहेब उठले, "टेस्ट करून घेऊ. मागे रेंज आहे. पाच मिनिटांचं काम."

वसंतराव उठले नाहीत. "कायची टेस्ट?"

दुरुस्तीनंतर कारखाना मातीच्या ढिगावर गोळ्या झाडून पाहतो. नवीन स्लाइड बसवली असेल तर पाहायलाच हवं. परवानाधारकासमोर झाडतात, त्याची सही घेतात आणि मग फिटनेसची चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी असली तरच पिस्तूल मालकाच्या हातात. हे मला पाठ होतं. वसंतरावांना सांगायचं मात्र मला सुचलं नव्हतं. आमच्या धंद्यात ते सांगायची गोष्टच नाही. पिस्तूल चालतंय का, ते चालवून पाहणार नाही तर काय करणार?

"नाई," वसंतराव म्हणाले. "चालवू नका."

त्रिपाठी साहेबांना वाटलं, आवाजाला घाबरतात. म्हणाले, तुम्ही इथेच बसा, कानात कापूस घाला.

"चालवू नका जी," वसंतराव पुन्हा म्हणाले. हिंदीत, हात जोडून.

मग मीच चिडले. खरंच चिडले. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊ, आता अडून बसू नका. या पिस्तुलासाठी तुम्ही कुसुमताईंचं कुंकू सोडलं. दोन वेळा एवढा प्रवास केला. दोन गोळ्या मातीत जातील, कोणाला लागणार नाही. टेस्ट झाली नाही तर हे तुम्हाला मिळणार नाही. पुन्हा जमाच करावं लागेल. मग कुंकूही गेलं आणि पिस्तूलही. घरी काय घेऊन जाल?"

"सारं समजून राहिलं मले," ते म्हणाले. "पण तिनं दोन गोष्टी मांगितल्या होत्या त्याच्यापाशी. संगं राहा, अन् चालू नको. मी निंबाखाली बसून पहिलीच धरून बसलो. दुसरी इसरलोच."

"पहिली तरी पाळा मग. ती तुमच्यासाठी होती."

"हाव. पहिली माह्यासाठीच होती," ते म्हणाले. "दुसरी समोरच्यासाठी होती. जो कोनी समोर आला असता त्याच्यासाठी. ज्या दोघांनी मले मारलं, त्याइच्यासाठीबी. तिनं त्याइचंबी वाईट नाई मांगितलं ताई. मग मी कसं चालवू देऊ?"

त्रिपाठी साहेब लांबून विचारत होते, काय म्हणतात? मी सांगायला सुरुवात केली. आधी पिस्तूल, मग दसरा, मग ती बाई काय म्हणायची ते. "साथ रहना, पर चलना मत" इथपर्यंत आले. त्यांना पुढचं लागलं नाही. ते टेबलाशी परत गेले, पेन उघडलं आणि फिटनेसच्या रकान्यात लिहिलं, टेस्ट परवानाधारकाने नाकारली, शस्त्र फक्त डीलरच्या ताब्यात. मग चष्मा काढून पुसला. नोकरीत असं पहिल्यांदाच लिहितोय, म्हणाले.

पिस्तूल माझ्या सहीने बाहेर आलं. येताना पेटी माझ्या मांडीवर होती. वसंतरावांचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

आता ते माझ्या तिजोरीत जमा आहे. मनीषचा अधूनमधून फोन येतो. ताई, बाबांना समजवा, विकून टाका म्हणावं, नवीन स्लाइड आहे, चांगलं गिऱ्हाईक मिळेल. मी म्हणते, बाबांची सही आण. तो ती आणत नाही. पांढुर्ण्याच्या बाजाराला आले की वसंतराव दुकानात येऊन बसतात, पण पिस्तूल काढून दाखवा असं म्हणत नाहीत. एकदा म्हणाले, घरातून निघताना अजून कंबरेला हात जातो, काहीतरी राहिलं असं वाटतं, आणि मग ते मागे वळून आत हाक मारतात. मी विचारलं, कुणाला? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तिलेच. दुसऱ्या कोणाले मारू?"

धंद्यातला धडा विचाराल तर छोटा आहे. दुरुस्तीला शस्त्र आलं की पावती फाडण्याआधी मी आता गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते, कारखाना दुरुस्त करून देतो, पण शेवटी तुमच्यासमोर चालवून दाखवतो. ते चालायला नको असेल तर आत्ताच सांगा. बहुतेक जण हसतात आणि सही करतात. एक-दोघे मात्र घरी विचारून येतो म्हणाले, आणि परत आले नाहीत.